वऱ्हाडाच्या गाडीतून

माझी महादेवावर श्रद्धा आहे, पण त्या दुपारी मी त्याला मनातल्या मनात फार बोलले. गडचिरोलीच्या जंगलभागातल्या एका लहानशा दवाखान्यात मी सिस्टर आहे. तिथं न्यूमोनियानं एक चिमुकली पोर गेली होती. आमची नवी सिस्टर प्रणाली भिंतीला टेकून रडत होती, तर डॉक्टरसाहेब म्हणाले, "ड्युटीवर रडू नका." अरे, मग माणसानं रडावं तरी कुठं? त्या पोरीला मांडीवर घेऊन वाफ हिनंच दिली होती. पण प्रणालीला कोणी साधं पाणीही विचारलं नाही.

शववाहिका मागितली, तर म्हणे नादुरुस्त. बापानं मोटारसायकल काढली. वैशाखातल्या उन्हात, जंगलाच्या वाटेनं, मेलेलं लेकरू आईबापानं दोघांच्या मधे धरून न्यायचं! आमच्याकडे हे असंच चालतं आणि वर बसलेल्यांना त्याची लाजही वाटत नाही. मी बापाला थांबवलं खरं, पण माझ्याकडे तरी द्यायला काय होतं? "देवा, तुले डोळे नाईत का?" हे माझ्या तोंडून मोठ्यानंच निघालं.

बाकावर एक माणूस बसला होता. लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघाला होता, वाटेत वऱ्हाडातल्या एका म्हातारीला ऊन लागलं म्हणून सलाईनसाठी थांबला होता. तो उठला. "बाई, आमची गाडी न्या." सोबतच्या बायका कुजबुजल्या, अपशकुन होईल म्हणाल्या. "लेकराचा कायचा अपशकुन? उतरा सारे," तो म्हणाला. नवरीसकट अख्खं वऱ्हाड कडुनिंबाखाली जाऊन बसलं. मुहूर्ताचं त्यानं नावही काढलं नाही.

तो गाडीवरचे झेंडूचे हार काढू लागला, तेव्हा पोरीच्या आईनं त्याचा हात धरला. ती माडिया आदिवासी, मराठी बेताचीच. "राहू दे," एवढंच म्हणाली. मी आणि प्रणालीही सोबत निघालो. गाडीत बसल्यावर तिनं लेकरू प्रणालीच्या मांडीवर दिलं, आणि दोघी एकमेकींना धरून पोटभर रडल्या. त्यांच्या गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली आम्ही पोरीला मातीत ठेवलं. तान्ह्या लेकरांना मोह दूध पाजतो, असं तिकडे मानतात.

तो माणूस देवानं पाठवला की आपला आपण आला, मला ठाऊक नाही. मी हात जोडले. माझं सगळं बळ संपलं होतं, आणि तरी ते लेकरू फुलांच्या गाडीतून घरी गेलं. देवावरचा राग मी त्याच्याच पायाशी सोडला. पण ज्यांच्यावर तो राग खरा असायला हवा, त्यांना सोडलेलं नाही. दर सोमवारी देवळातून निघते ती सरळ आरोग्य खात्याच्या कचेरीत जाते आणि विचारते, शववाहिका कधी दुरुस्त होते?