बाळाच्या हृदयातली भिंत

नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि वर्षभरातच मला दिवस गेले. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीसाठी आम्ही तिथल्याच सोडाला भागातल्या एका सेंटरवर गेलो. डॉक्टरबाई बोलक्या होत्या. हे डोकं, हा कणा, असं दाखवत होत्या. छातीपाशी आल्या आणि एकदम गप्प झाल्या. मला कुशीवर वळवलं, परत उताणं केलं, पुन्हा त्याच जागी बघत राहिल्या.

"दिल ठीक से दिख नहीं रहा. फीटल इको करवा लीजिए," त्या म्हणाल्या. म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी. नीट दिसत नाही, की नीट झालेलंच नाही? हे विचारायचा धीर मला झाला नाही.

लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. घरात कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास होता का, ते विचारून या, असंही सांगितलं. म्हणून मी सांगलीला आईला फोन लावला. घरात कुणाला असं काही होतं का, ते विचारलं.

"तुझ्याआधी एक मुलगा झाला होता," ती म्हणाली. "दूध पिताना निळा पडायचा. महिन्याभरात गेला."

"आई, हे कधीच कसं बोलली नाहीस?"

"काय बोलू गं? आणि आता तू अशी असताना बोलावं लागतंय." ती रडायला लागली.

त्यानंतर बाळ हललं की आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटायची. हललं नाही तर त्याहून जास्त. एका संध्याकाळी बाल्कनीतून पाहिलं, तर नवरा खाली स्कूटरवर हेल्मेट घालून तसाच बसून होता, कितीतरी वेळ. मग वर आला आणि हसत म्हणाला, "चहा टाकू का?" मी हो म्हटलं.

इकोची खोली अंधारी, गार. डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. पडद्यावर लाल रंग उमटला, त्याच्या शेजारी निळा. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

"निळं! ते निळं पडलंय!"

नवऱ्याने घाईघाईने माझ्या भावाचं सांगितलं. डॉक्टरांनी हात थांबवला. "बेटा, ये मशीन का रंग है. खून किधर जा रहा है, बस इतना बताता है."

मग त्यांनी सगळं समजावलं. हृदयाचे चारही कप्पे होते. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मात्र एक बारीक छिद्र होतं. बहुतेकदा ते आपोआप बुजतं, म्हणाले, पण वचन देणार नाही.

बाळंतपणाला आई जयपूरला आली. मुलगी जन्मली, खणखणीत रडली. पण मी अंगावर पाजायला घेतलं की आई शेजारी येऊन बसायची आणि पोरीच्या ओठांवरून नजर हलवायची नाही. मीही तेच करत होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

पहिल्या वाढदिवसानंतरच्या तपासणीत छिद्र बुजलेलं दिसलं. "अब आने की ज़रूरत नहीं," डॉक्टर म्हणाले.

मी उठलेच नाही. "अगले साल एक बार और देख लेंगे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठीक है, ले आना," म्हणाले.