आतला मुलामा

धुळ्यात आमच्या दुकानाशेजारी बंदुका दुरुस्त करणारे एक भाऊ होते. हातातलं हत्यार पुसता पुसता हळू बोलायचे. शिरपूरचे नाना, त्यांचे जुने स्नेही, वडिलांचं विलायती रिव्हॉल्व्हर घेऊन आले, तेव्हा भाऊंनी चकचकीत नळी पाहूनच सांगितलं, "बठ्ठं स्टेनलेस शे नाना. गंज लागाव नही." सगळंच स्टेनलेस म्हटल्यावर नानांनी तेल देणं सोडलं.

काही पावसाळ्यांनी चाप अडकला, तसे नाना रिव्हॉल्व्हर घेऊन परत आले. भाऊंनी ते माझ्यासमोरच उघडलं. आत चापाला आणि घोड्याला नुसता मुलामा होता. तो सुटून खालचं लोखंड गंजलं होतं. तसले भाग कुठेच मिळेनात.

"मन्हं चुकनं, नाना. उघाडीसन देखं नही."

नानांनी रिव्हॉल्व्हर रुमालात गुंडाळलं आणि चहा न घेताच गेले. पुन्हा आले नाहीत. शिरपूरचं कोणी आलं, की भाऊ आधी नानांची तब्येत विचारत.