पानाने गिळलेल्या चांदण्या

कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाची सुनंदा स्क्रीनवर बोट ठेवून बसली होती. मजकूर सजवायच्या खुणांचं माहितीपान मी लिहिलं होतं, तेच ती वाचत होती.

“दादा, पानावर दिसतंय तसंच लिहिलं, तरी शब्द ठळक होत नाही. मला नाही जमायचं हे.” ती बॅग उचलू लागली.

मी वाकून पाहिलं. ‘ठळक करायला असं लिहा’ यापुढे नुसताच ठळक शब्द होता. त्याच्या दोन्ही बाजूंना मी टाइप केलेल्या चांदण्या, म्हणजे * ही खूण, कॉम्प्युटरने ठळक करायचा हुकूम समजून पाळल्या होत्या आणि पुसून टाकल्या होत्या. पान मी दहादा तपासलं होतं. पण मला खुणा पाठ, म्हणून त्या नसल्याचं दिसलंच नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. काही समजलं नाही तर दोष आपलाच, असं मानून मीही कितीदा गुपचूप पुस्तक मिटलं आहे. त्यातल्या काही पानांतून तरी अशीच एखादी खूण गळली असेल.

“बस गं. पान चुकलंय, तू नाहीस.”

“मग दुरुस्त करा की! आणि चूक शोधली म्हणून खाली माझं नाव घाला.”

घातलं. आधी तिचं, मग माझं.