ओल्या पॉलिशवरचे पाहुणे

आमच्या बेलवलीच्या दोन खोल्यांत एकदा आठवडाभर फोडणी बंद होती. सुतक नव्हतं, उपास नव्हता, गॅसही संपला नव्हता. माझा थोरला भाऊ स्पीकरच्या पेट्यांना पॉलिश करत होता.

अंबरनाथच्या कारखान्यातून सुटला की हा माणूस कपडेही न बदलता पेट्यांपुढे बसायचा. प्लायवुड त्याने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलं होतं आणि स्पीकर तिथल्याच एका सिंधी दुकानदाराकडून. त्या बिचाऱ्याने, 'साईं, काहे को मगजमारी, रेडी ले जाओ,' असं परोपरीने सांगून पाहिलं. पण भावाला तयार मिळणारी कुठलीच वस्तू पटत नसे. अपवाद फक्त जेवणाचा. ते त्याला कायम पुढ्यात तयार लागे.

जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज छोट्याला वाटून द्यायला पेटीत तांब्याच्या तारेच्या कॉइल लागतात. त्या मात्र मी गुंडाळल्या होत्या. उल्हासनगरला एका छोट्या वर्कशॉपात आम्ही बायका ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचो, ते माझं रोजचं काम. पॉलिशच्या आधी भावाने बुद्धवंदनेची कॅसेट लावून पाहिली, तेव्हा त्या नागड्या पेट्यांतून असा भरदार आवाज आला की आईचा भाकरी थापणारा हात थांबला. मला तर रडूच आलं. हे मी केलंय, असं तोवर मला कशाबद्दलही वाटलं नव्हतं.

मग पॉलिश सुरू झालं. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्याने एक हात मारायचा, तो वाळला की दुसरा. पण त्या दिवसांत हवा इतकी दमट होती की वाळायचं नावच नको. भावाने फर्मान काढलं. केर काढायचा नाही, धूळ बसते. फोडणी द्यायची नाही, तेलाची वाफ बसते. पंखा लावायचा नाही. श्वास घेतला तर चालेल का, असं आईने विचारलं. भाऊ म्हणाला, तोंड तिकडे करून घे.

आणि नेमक्या त्याच रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते.

स्थळ विहारातल्या एका काकींनी आणलं होतं. मुलगा अंबरनाथचा, सरकारी दवाखान्यात नोकरीला. मी त्याला विहारात एकदा पाहिलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता. अडचण एकच होती. त्याच्या वडिलांनी काकींमार्फत आधीच कळवलं होतं की लग्नानंतर मुलीने नोकरी सोडायची. मला मुलगाही हवा होता आणि नोकरीही. आईचं म्हणणं, आज तोंड उघडू नकोस, नंतरचं नंतर बघू. नंतर काय बघतात ते मी शेजारपाजारच्या पोरींचं बघितलं होतं. पण आईपुढे शहाणपण चालत नाही, म्हणून गप्प बसायचं कबूल केलं.

पोह्यांना फोडणी लागते, म्हणून पोहे शेजारणीकडे झाले. पाहुणे आले. खुर्च्या दोनच. एकीवर मुलाची आई बसली, दुसरीवर काकी, मुलगा कॉटच्या कडेला. राहिले वडील. पांढरी शुभ्र कडक इस्त्रीची पँट, अंगाने भरलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि, 'असू द्या, असू द्या, मी इथे बसतो,' म्हणत आडव्या ठेवलेल्या एका स्पीकरवर ऐसपैस बैठक मारली.

आम्ही तिघांनीही ते पाहिलं. होणाऱ्या व्याह्यांना 'उठा' कसं म्हणणार? भावाने तोंड उघडलं होतं, पण आईने असे काही डोळे वटारले की त्याने ते पोह्यांनी बंद केलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, मला शिवणटिपण येतं का ते विचारलं, पाण्याच्या टंचाईबद्दल बोलले. तोवर त्यांच्या अंगच्या उबेने पॉलिश छान मऊ झालं असणार.

ते निघायला उठले तेव्हा चर्र आवाज झाला, पेटी जराशी उचलली गेली आणि धप्पकन खाली आपटली. पँटीच्या बैठकीवर तपकिरी रंगाचा भला मोठा नकाशा उमटला होता. आईने पदर तोंडाला लावला. भावाचं लक्ष मात्र पँटीकडे नव्हतंच. पॉलिशवर टेरिकॉटचं विणकाम जसंच्या तसं छापलं गेलं होतं आणि तो त्यावरून बोट फिरवत डोळ्यांत पाणी आणून बघत होता.

लाखेचा डाग पाण्याने पसरतो, स्पिरिटने जातो. वर्कशॉपात कॉइलला लाख लावताना आमचे हात रोज तसेच माखायचे. मी म्हटलं, पँट द्या, काढून देते. दुसरा इलाज नव्हता. तेव्हा वडील आतल्या खोलीत गेले आणि भावाची निळ्या चौकटींची लुंगी लावून परत आले. लुंगीची सवय त्यांना नसावी. काकींनी रिकामी करून दिलेल्या खुर्चीवर ते दोन्ही हातांनी गाठ धरून बसले.

मोरीत बसून मी स्पिरिटच्या बोळ्याने डाग काढत होते. डाग निघत गेला तशी माझ्या मनातली भीतीही निघत गेली. मला वाटलं, आज हा माणूस कुठेही उठून जाऊ शकत नाही. असा दिवस पुन्हा यायचा नाही.

"झाली का गं पँट?" बाहेरून वडिलांचा आवाज आला.

मी पँट हातात घेऊन दारात उभी राहिले. "झाली. पण आधी माझ्या नोकरीचं बोलू."

आईने कपाळावर हात मारला. ते म्हणाले, "ते आम्ही काकींना सांगितलंय."

"मला नाही सांगितलंत."

त्यांना रागाने उठायचं होतं, पण उठायचं म्हणजे गाठ सोडून खुर्चीचे हात धरायचे. ते अर्धे उठले आणि परत बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. तेव्हा तो मुलगा, जो आल्यापासून फक्त 'साखर पुरे' एवढंच बोलला होता, तो म्हणाला, "बाबा, करू द्या ना तिला नोकरी. मला चालेल."

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर पँट लगेच देऊन टाकली असती.

"बरं बाई, कर नोकरी," वडील म्हणाले. "आता पँट दे."

वाळेपर्यंत थांबा म्हटलं तर थांबले नाहीत, ओलीच घालून गेले. मला धाकधूक होती की घरी पोहोचल्यावर फिरतील. पण लुंगीत दिलेला शब्द सासऱ्यांनी पँट घातल्यावरही मोडला नाही.