सुखाचं अंग

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. शिरड शहापूरला सख्ख्या बहिणीनं मला बिनसाखरेचा चहा पाजला.

अक्काचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय. गाठ काखेपर्यंत पोचली, तेव्हा कळली. डॉक्टर म्हणाले, वजन हे एकमेव कारण नसतं. पण पाळी गेल्यानंतर वाढलेल्या वजनानं धोका वाढतो, आणि उपचारांनंतर आजार उलटण्याचाही. म्हणून घरात साखरबंदी.

तेवढ्यात शेजारच्या काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत.

"काहून वाळून राहिली माय? कशी भरल्या अंगाची व्हतीस! खाय, ताकद येईल."

"ठेवा काकू," अक्का हसली. कोपऱ्यात तसल्या डब्यांची रांगच होती.

मी म्हटलं, "अक्का, दुकान टाक."

काकू गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बापू, गाठ हाताला लागली व्हती रे. मला वाटलं, चरबीच असंल. समदे म्हणायचे, सुखाचं अंग हाय. सुखाला कोणी दवाखान्यात नेतं का?"

माझी जीभ गावभर चालते. आज तिला एकच काम देतो.

तुमच्या घरातल्या अशा 'सुखाच्या अंगाच्या' बाईला आज एवढं विचाराल का, की हाताला काही लागतंय का?

भाऊबीजेला ती दवाखान्यात होती, म्हणून ओवाळणी राहिली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. निघताना ओवाळणी म्हणून आणलेले बूट तिच्यापुढं ठेवले. तिचा एक हात अजून नीट चालत नाही, म्हणून खाली बसून नाड्याही मीच बांधल्या.