निळ्या बाटलीचा तपास

तो दिवस अजून मनातून जात नाही, आणि गंमत म्हणजे त्यात नोंदवण्यासारखा गुन्हा एकही नव्हता.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावात ठाणेदार होतो. बसस्थानकासमोर एका जैन कुटुंबाचं औषधी दुकान होतं. इमारत जुनी, सागवानी. पूर्वी रोगी घरून रिकामी बाटली आणत, कंपाउंडर खिडकीतून मिक्श्चर भरून देई आणि डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी बाटलीला चिकटवी. इमारतीची शंभरी भरली म्हणून मालकाने सोहळा काढला होता. आतल्या भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत फ्लेक्स आणि समोर टेबलांवर 'इमारतीचा इतिहास' मांडलेला. एक थोर पुढारी इथे मुक्कामाला होते, असंही लिहिलं होतं. कोणते, ते लिहिलं नव्हतं. शंभरी गाठलेल्या प्रत्येक इमारतीत एक थोर पुरुष राहून गेलेला असतोच, असा माझा अनुभव आहे.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी ठाण्यात हजेरी चालू असताना बसस्थानकावरच्या चहावाल्याचा फोन आला. तो आमचा जुना खबऱ्या.

"साहेब, मेडिकलवाल्याची बायको डोळे पुसत कोन्त्या तरी यष्टीत बसून गेली. फोन बंद येऊन राह्यला. अन् त्यायच्या टेबलावरची इषाची बाटली गायब हाये."

मी तडक दुकान गाठलं. मालक घामाने भिजलेला. बाटली आजोबांच्या काळातली, निळी, कंगोऱ्यांची. विषाची बाटली अंधारातही हाताला कळावी म्हणून तशी बनवत. आत कुचल्याचा अर्क.

"भरलेली मांडली?"

"सील व्हतं ना साहेब. म्हटलं, लोकाईले असली वस्तू दिसली पाह्यजे."

"बायकोशी काय झालं?"

तो खाली बघू लागला. "मले म्हणे, हे औषधाचं दुकान हाये का मंगल कार्यालय? मी म्हटलं, तू मधात बोलू नको."

आजूबाजूच्या ठाण्यांना वायरलेसवर वर्णन दिलं आणि एक हवालदार बसच्या मागावर धाडला. नाली, कचराकुंडी, माळा, सगळं पाहिलं. चौकशीत नोकरांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. मालक फक्त म्हणत होता, "साहेब, ती आली पाह्यजे. बाकी काई नको."

दुकानामागच्या घरात मालकाची म्हातारी आत्या होती. तिला धक्का बसू नये म्हणून आम्ही उद्याच्या बंदोबस्तासाठी आलो आहोत, असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. मी मागच्या अंगणात गेलो, तर ती विहिरीत छोटा गडवा अलगद सोडत होती. पाणी काढायला नव्हे, ओतायला.

"आत्याबाई, पाणी परत कायले टाकता?"

"गाळलेल्या पाण्यातले जीव हायेत, बापू. ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत सोडा लागते. भलतीकडं टाकले तं मरतीन."

मी तिथेच थांबलो. इतके बारीक जीव जपणाऱ्या घरात विष डोळ्यांसमोर मांडलेलं हिला कसं खपलं असेल? आणि उचललं असेल, तर ही बाई ते ओतणार कुठे? मातीत नाही, पाण्यात नाही.

"आत्याबाई, निळी बाटली तुम्ही उचलली का?"

"मंग? ते काय दाखवाची चीज हाये? जिथली तिथं ठेवली."

"तिथं म्हणजे?"

"भिंतीतल्या कपाटात. बाबानं कुलूप लावून ठेवली व्हती, मी बी लावलं." कमरेची किल्ली तिने पुढे केली. "आधी इचारलं असतं तं आधी सांगतलं असतं."

कपाट फ्लेक्सच्या मागे होतं; आत्याबाईंनी कुलूप लावल्यानंतर तो त्यावरून ताणला गेला होता. मालकाने स्वतःच्या हाताने कडा सोडवून तो वर केला. बाटली होती, लाखेचं सील शाबूत. तो फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. पंचनामा करून बाटली औषध निरीक्षकांकडे पाठवायची व्यवस्था केली.

थोड्या वेळाने हवालदाराने बसच्या वाटेवरच्या अनसिंग गावाहून फोन लावला. बाई मैत्रिणीकडे जेवत बसल्या होत्या. मी फोन त्यांना द्यायला सांगितला.

"बाटली? साहेब, मी बी. फार्म. शिकली. लायसनवर फार्मासिस्ट म्हणून नाव माहं हाये, अन् फ्लेक्सवर साऱ्या गोताचे फोटो हायेत, माहाच नाही. मी रागानं आली, मराले नाही आली. अन् त्यायले म्हणा, मी नाही तं शटर पाडा. कायद्यानं दुकान चालवता येत नाही."

कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. मालकाने शटर पाडलं आणि गाडी काढली.

या प्रकरणाने मला शिकवलं की घाबरलेलं घर पोलिसांना सगळं सांगतं, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना काही विचारत नाही. तेव्हापासून चौकशीची सुरुवात मी मागच्या अंगणातून करू लागलो. नोकरीत मी पुष्कळ दारांवर वाईट बातम्या घेऊन उभा राहिलो. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणं टाळायची सवय लागली होती. त्या दिवशी मात्र मी मालकाकडे सरळ बघून म्हणालो, "तुमची बायको सुखरूप आहे, आणि अजून भयंकर रागात आहे." इतकी चांगली बातमी मी साऱ्या सेवेत क्वचितच कुणाला दिली असेल.