शीलाताईंनी दुरुस्त केलेलं नाव

शीलाताई गेल्याचं त्यांची ज्युनिअर मुग्धा हिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांमध्ये उभी होते. कोण होत्या, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, हे ऑफिस ज्यांच्यामुळे उभं आहे, त्या वकीलबाई... आज सहा आठवडे झाले. पण त्या खटल्याच्या दिवसांबद्दल बोलायला लागले की माझा आवाज अजून चढतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात जो तो कॉम्प्युटरचा क्लास लावत होता. मी नोकरी सोडून, दोन मैत्रिणींना सोबत घेऊन, मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर केलं होतं. नाव ठेवलं ‘मैना’. छापखान्यांतून, शाळांमधून मागणी यायला लागली, तोच परगावच्या एका मोठ्या कंपनीने ‘हे नाव आमचं’ म्हणून पुण्याच्या कोर्टात दावा लावला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायचं नाही, असा मनाई हुकूम निघाला. आमच्या पाठवायला काढलेल्या फ्लॉप्या खोक्यांतच राहिल्या.

शीलाताईंचं ऑफिस सदाशिव पेठेत, एका टायपिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. मूळच्या भंडाऱ्याच्या, शाळामास्तरांची मुलगी. लग्नानंतर विश्रांतवाडीत स्थायिक झालेल्या. एरवी बोलणं अगदी पुणेरी, तोडून टाकणारं. फार आनंद झाला की मात्र भंडारा बाहेर यायचा. पहिल्या भेटीत मी तासभर माझ्यावरचा अन्याय सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, छान सांगता. आता कागद दाखवा. त्यांनी मनाईविरुद्ध मुंबईला हायकोर्टात अपील केलं.

अपिलाची मुदत उलटून गेल्यावर समोरच्यांचं उत्तर आलं. ते त्यांनी माझ्यासमोरच उघडलं. दुसऱ्या पानावर थांबल्या, आमच्या अपिलाचं पहिलं पान ओढून घेतलं, आणि उठूनच उभ्या राहिल्या. ‘‘बरोबर बोलून राहिले ते!’’

अपील करणाऱ्याच्या जागी माझ्या नावाऐवजी ‘मैना सॉफ्टवेअर’ असं लिहिलं गेलं होतं. माझा एकटीचा व्यवसाय. ती नुसती पाटी. पाटीला कायद्यात स्वतःचं अस्तित्व नसतं, तिला अपील करता येत नाही. समोरच्यांचं म्हणणं, हे अपील कुणी केलेलंच नाही, आणि आता नव्याने करायला मुदत उरलेली नाही. माझ्या लेखी सगळं संपलं होतं. शीलाताईंच्या चेहऱ्यावर मात्र मला ओळखीचं काहीतरी दिसलं... प्रोग्राम चार दिवस अडून राहावा आणि अचानक चुकीची ओळ सापडावी, तेव्हा आमचे चेहरे तसे होतात. न सापडलेल्या चुकीची भीती बाळगावी, असं म्हणत त्या पुस्तकं काढायलाही लागल्या.

त्यांच्या ओळखीच्या एका वकिलांनी सुचवलं, अशिलाने चुकीचं नाव सांगितलं असं लिहा, कोर्ट सांभाळून घेतं. मी तर लगेच तयार झाले. शीलाताईंनी चष्मा काढला.

‘‘अहो, तुम्ही दिलेल्या प्रत्येक कागदावर तुमचं नाव आहे. मी वाचलं नाही. तुमच्या सहीवर माझी चूक कशी खपवू?’’

प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच्या नावाने केलं. मसुदा माझ्या कॉम्प्युटरवर टाइप झाला. मी शेजारी बसून वाचत होते. चूक माझी आहे, अशिलाची नाही, एवढंच साधं त्यात होतं. आणि पुण्याच्या कोर्टापासून सगळे कागद जोडून दाखवलं होतं की भांडणारी बाई पहिल्यापासून एकच आहे. ते प्रतिज्ञापत्र वकिलांच्या बाररूममध्ये चघळलं जाणार, हे त्यांना माहीत होतं. बाहेरून आलेल्या एका बाईने इतक्या वर्षांत मिळवलेली पत होती ती... मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, पान नंबर घाला.

हायकोर्टात न्यायमूर्तींनी विचारलं, ही चूक कोणाची? शीलाताई ताठ उभ्या होत्या. माझी, म्हणाल्या. समोरचे वकील बराच वेळ बोलले. नवा माणूस मुदतीनंतर आत आणता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. शीलाताईंनी कागद पुढे केले: माणूस नवा नाही, नाव चुकीचं लिहिलंय. न्यायमूर्तींनी पानं उलटली, पुन्हा उलटली... मग त्यांनी दुरुस्तीला परवानगी दिली, आजच करा म्हणाले. शीलाताईंनी तिथल्याच बाकावर बसून ‘मैना सॉफ्टवेअर’वर रेघ मारली आणि वर शाईने माझं पूर्ण नाव लिहिलं. मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, रडून काय राहिल्या, स्पेलिंग बघा!

पुढे काही महिन्यांनी अपील जिंकलो. ‘मैना’ आम्ही आधी बाजारात आणली होती, हे कोर्टाला पटलं. मनाई उठली त्या दिवशी तिघींनी मिळून खोकी बांधली, आणि शीलाताईही खाली मांडी घालून चिकटपट्टी लावत बसल्या होत्या.

गेल्या आठवड्यात मुग्धाला भेटायला सदाशिव पेठेत गेले. आतल्या खोलीत ती एका मिठाईवाल्यांशी बोलत होती, म्हणून मी बाहेर थांबले. ते उत्साहाने आपल्या दुकानाची कीर्ती सांगत होते. तिने त्यांना मध्येच थांबवलं.

‘‘दुकानाचं नाव नको, काका. तुमचं स्वतःचं पूर्ण नाव सांगा. सावकाश.’’